पायपिंग प्लोव्हर (ग्रेट लेक्स समूह) : वीणकालीन संवर्धन

उत्तर अमेरिकेतील वाळूच्या किनाऱ्यांवर विणीला येणारा, चिखल्यांच्या कुळातील लहान पक्षी. शास्त्रीय नाव कॅरॅड्रियस मेलोडस. लांबी सु. १७ सेंमी., पाठ कोरड्या वाळूच्या रंगाची. ‘मेलोडस’ म्हणजे सुरेल. हे नाव त्याच्या शिळेवरून पडले.

जॉर्ज ऑर्ड यांनी १८२४ मध्ये त्याला हे जातिनाम दिले. उपजातींचा प्रश्न मात्र बराच काळ रेंगाळला. रॉबर्ट रिजवे यांनी १८७४ मध्ये अंतर्भागातील पक्षी ‘सर्कमसिंक्टस’ (वेढलेला) म्हणून वेगळे काढले. त्यांची खूण म्हणजे छातीवरचा अखंड काळा पट्टा. असे पट्टे अटलांटिक किनाऱ्यावरील काही पक्ष्यांतही दिसतात, त्यामुळे केवळ पट्ट्यावर विसंबता येत नाही. १९८८ मधील प्रथिनांच्या अभ्यासात समूहांत फारसा भेद आढळला नाही. २०१० मधील डीएनए-अभ्यासाने मात्र दोन उपजातींना दुजोरा दिला व ग्रेट लेक्सचे (अमेरिका-कॅनडा सीमाभागातील पाच महासरोवरांचे) पक्षी अंतर्भागीय गटात धरले; हे मत अधिक ग्राह्य वाटते. कायद्याची विभागणी याहून निराळी आहे. १९८५ च्या अमेरिकी नियमानुसार ग्रेट लेक्सच्या पाणलोट क्षेत्रात हा पक्षी ‘संकटग्रस्त’, तर इतरत्र एक पायरी खालच्या वर्गात मोडतो. परिणामी तोच पक्षी हिवाळ्यात मेक्सिकोच्या आखाताकडे गेला की त्याचा दर्जा बदलतो.

ग्रेट लेक्स परिसरात पूर्वी काही शे जोड्या असाव्यात. १९९० च्या सुमारास जेमतेम डझनभर उरल्या. २०२३ मध्ये ८० मोजल्या गेल्या. उद्दिष्ट १५० जोड्यांचे आहे.

घरटे म्हणजे वाळूतला उथळ खळगा, कधी त्यात खडे व शिंपल्यांचे तुकडे. चार ठिपकेदार अंडी नर-मादी आळीपाळीने सु. २८ दिवस उबवतात. घरट्यावर तारेच्या जाळीचा पिंजरा बसवतात. जाळीच्या सु. ५ × १० सेंमी. छिद्रांतून प्लोव्हर चालत आत-बाहेर करतो. कोल्हा, रॅकून बाहेरच राहतात. या उपायालाही खोट आहे : मर्लिन ससाणा पिंजऱ्याजवळ प्रौढ पक्ष्यांनाच टिपतो. शिवाय पिले अंड्यातून निघाल्यावर काही तासांतच पाण्याच्या कडेला चरायला जातात, तेव्हा पिंजरा निरुपयोगी. मग खांब व दोरी लावून किनारा राखावा लागतो आणि मोकाट कुत्रे आवरावे लागतात.

पालक मारले गेल्यास किंवा लाटांनी घरटे धोक्यात आल्यास अंडी मिशिगनमधील पेल्स्टनजवळच्या विद्यापीठीय जीवशास्त्र केंद्रात यंत्राने उबवतात. पिले उडू लागली की पायांत रंगीत कडी घालून किनाऱ्यावर सोडतात. अशी काही पिले पुढे परतून रानात वीणही करतात. कड्यांवरून ती ओळखता येतात.