सेलवर चालतं म्हणून क्वार्ट्झच असेल असं नाही

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळाच्या दुकानात विचारा किंवा जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुन्या घड्याळांचा ढीग चाळा, प्रकार दोनच सांगितले जातात: चावीचं आणि सेलचं. वेळ बघण्यापुरतं घड्याळ घेणाऱ्याला तेवढं पुरतं. जुनी घड्याळं जमवणाऱ्याला पुरत नाही. ‘सेलचं’ म्हणून जे हातात पडतं त्यात दोन निरनिराळ्या जातींची मशिनं असतात. काहींच्या डायलवर ‘इलेक्ट्रॉनिक’ लिहिलेलं असतं, काहींच्या ‘क्वार्ट्झ’. दोन्ही एकच समजली जातात आणि पहिल्या जातीतलं दुरुस्त होण्यासारखं मशीन फुकट भंगारात जातं. याचं मला फार वाईट वाटतं.

सेल दोघांतही आहे. ताल कोण धरतो, हा खरा फरक.

इलेक्ट्रॉनिक म्हणून विकल्या गेलेल्या बऱ्याच घड्याळांत चावीच्या घड्याळासारखंच बॅलन्स चाक (मागेपुढे हेलकावणारं चाक) आणि त्याला परत फिरवणारी बारीक हेअरस्प्रिंग असते, फक्त चावीने भरायची मुख्य स्प्रिंग नसते. बॅलन्सशी चुंबक आणि कॉइलची जोडी असते. झोपाळ्याला नेमक्या क्षणी हलका धक्का द्यावा तसा ट्रान्झिस्टर त्याला हेलकाव्यागणिक धक्का देतो. १९५७ च्या हॅमिल्टन इलेक्ट्रिकमध्ये ट्रान्झिस्टरही नव्हता. तिथे धातूचे काँटॅक्ट एकमेकांना टेकायचे आणि झिजायचे. सिटिझनचं एक्स-८ हे ट्रान्झिस्टरवालं घड्याळ १९६६ चं, आणि कॉस्मोट्रॉनही त्याच घराण्यातलं.

याच काळातलं सगळ्यात देखणं मशीन बुलोव्हाचं ॲक्युट्रॉन, १९६० सालचं. मॅक्स हेट्झेल यांनी त्यात बॅलन्स काढून टाकला आणि सेकंदाला ३६० वेळा कंप पावणारा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे दोन पायांचा धातूचा चिमटा, बसवला. फोर्कच्या एका पायाला चिकटवलेली बारीक पट्टी, तिच्या टोकाला खडा, आणि तो खडा ३०० दातांचं चाक एकेक दात पुढे ढकलतो. हे दात नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, भिंगातूनही नीट पाहावे लागतात. घड्याळ कानाला लावलं की टिकटिक नाही, एकसलग गुणगुण ऐकू येते. कंपनी महिन्याला एका मिनिटाच्या आत फरकाची हमी देत असे. त्या काळी मनगटावर एवढी अचूकता म्हणजे कमालच.

क्वार्ट्झमध्ये ताल धरतो तो गारगोटीचा स्फटिक. २५ डिसेंबर १९६९ ला जपानमध्ये आलेल्या सेको ॲस्ट्रॉनचा स्फटिक सेकंदाला ८१९२ वेळा कंप पावत असे आणि घड्याळाची किंमत होती साडेचार लाख येन. आजच्या साध्या क्वार्ट्झमध्ये हा आकडा ३२,७६८ आहे. तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो. त्या एका ठोक्यावर छोटी मोटर सेकंदकाटा एक घर पुढे टाकते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही इथे संबंध येतो. हा स्फटिक साधारण २५ अंशांना जुळवलेला असतो, आणि तापमान त्याहून वर गेलं काय किंवा खाली उतरलं काय, घड्याळ मागेच पडतं. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ४२ अंशांत घड्याळ ठेवून दिलं, तर हिशेबाने दिवसाला पाऊण ते एक सेकंद मागे पडेल. मनगटावर असलं तर कातडीच्या उबेमुळे त्याचं तापमान पुष्कळ स्थिर राहतं. म्हणून घरात ठेवलेलं घड्याळ उन्हाळ्यात मागे पडलं म्हणून लगेच मशीन बिघडलं असं समजू नका.

ओळखायचं असेल तर मागचं झाकण उघडण्याआधी सेकंदकाटा बघा. सेकंदाला एकच उडी मारत असेल तर क्वार्ट्झ, अगदी बारीक बारीक पावलांनी सरकत असेल तर बॅलन्सवालं इलेक्ट्रॉनिक, आणि पावलं न दिसता वाहत गुणगुणत असेल तर ट्यूनिंग फोर्क. काटा दोन किंवा चार सेकंदांची उडी एकदम घेत असेल तर बहुतेक क्वार्ट्झचा सेल संपत आलाय, मशिनाचा दोष नव्हे. एक मोठा चकवा म्हणजे बुलोव्हाचं ॲक्युक्वार्ट्झ. त्यात स्फटिकही आहे आणि फोर्कही. ३२,७६८ ला ९६ ने भागून फोर्क ३४१ च्या थोडा वर चालवला जातो, म्हणून डायलवर क्वार्ट्झ आणि कानाला गुणगुण! असं हाती लागलं तर सोडू नका.

सेल टाकताना मात्र जपा. जुनं ॲक्युट्रॉन १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनलेलं आहे. आजचा सिल्व्हर ऑक्साइड सेल १.५५ व्होल्ट देतो. तो तसाच टाकला तर फोर्क जास्त झुलतो, खडा एकाऐवजी दोन दात ढकलायला लागतो आणि घड्याळ भलतंच पुढे पळतं. यावर जाणकार कारागिराकडून पट्टीची जुळणी करून घ्यावी लागते, किंवा व्होल्टेज उतरवणारा सेल वापरावा लागतो. त्या दातेरी चाकाजवळ पेचकस नेऊ देऊ नका.

क्वार्ट्झ बंद असेल तर आधी गळलेल्या सेलची हिरवट घाण साफ करून घ्या आणि मल्टिमीटरने कॉइल तपासायला सांगा. कॉइल तुटलेली नसेल तर बऱ्याचदा मशीन जागं होतं. आणि दुकानदार “नवं मशीन टाकून देतो, स्वस्तात होईल” म्हणाला, तर जुनं मशीन परत मागून घ्या. इलेक्ट्रॉनिक घड्याळाच्या केसमध्ये साधं क्वार्ट्झ बसवलं की डायल तेवढं जुनं राहतं, जमवण्यासारखं काही उरत नाही.