काठी लाकडाची, पण ओली

‘लाकूड दुर्वाहक, काठी हातात असली की शॉक लागत नाही.’ गोव्यात डिचोली-सत्तरीकडे आंबे काढताना हे वाक्य अजून ऐकू येतं, आणि त्याचं मूळ बहुधा प्राथमिक शाळेतल्या प्रयोगात आहे. दीड व्होल्टचा सेल, टॉर्चचा बल्ब, दोन वायरी. मध्ये खिळा ठेवला की बल्ब पेटतो, काठी ठेवली की नाही. मुलं वहीत लिहितात: लाकूड, दुर्वाहक.

प्रयोग खोटा नाही. पण ओली काठी ठेवली तरी बल्ब पेटत नाही, खरी गोम तिथे आहे! त्या बल्बला दोन-तीनशे मिलिअँपिअर प्रवाह लागतो; माणसाच्या जिवाला तीस मिलिअँपिअरसुद्धा धोक्याचा. बल्ब पेटला नाही म्हणजे प्रवाह गेलाच नाही, असं नव्हे.

सुकं लाकूड वीज अडवतं. त्यात पाणी मुरलं की पाण्यात विरघळलेले क्षार ती वाहून नेतात. नुकता तोडलेला हिरवा बांबू तर आतूनच ओला. शिवाय घरात २३० व्होल्ट, माडाशेजारच्या मोठ्या लाईनीत ११,०००. जूनच्या पावसात भिजलेली काठी तिथे नेणं म्हणजे हातात तारच धरणं. वायरीला अडकलेला आंबा राहू दे, वीज खात्याला फोन करा.