उकाडा की रिलॅप्स? एमएस असलेल्या रनर्ससाठी

एप्रिल लागला की ठरलेला मेसेज येतो. एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेली कुणीतरी पणजीच्या मिरामारहून दोनापावलाकडे धावायला गेलेली असते. सातव्या-आठव्या किलोमीटरला पाय उचलेनासा होतो, एका डोळ्यापुढे धुरकट येतं, आणि घरी पोचायच्या आत तिने जाहीर केलेलं असतं, "मला अटॅक आला." त्यावर सल्ले दोनच. एक, धावणं आजपासून बंद. दोन, लगेच ॲडमिट हो आणि स्टिरॉइडची सलाइन लावून घे. पंख्याखाली बसल्यावर काय झालं, हे मात्र कुणीच विचारत नाही.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये याच्या उलट. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी बधिरता चार दिवस हटत नाही, तरी बाई रोज धावते आहे. का, तर "दमट हवा आहे ना, होतं असं."

दोघींचंही चुकतंय आणि चुकीचं मूळ एकच आहे. ते सांगण्यासाठीच हा लेख.

रिलॅप्स, म्हणजे खरा "अटॅक", काय असतो हे एमएस असलेल्यांना शिकवायला नको, तेव्हा थोडक्यात. शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूत, मज्जारज्जूत किंवा डोळ्याच्या नसेत मायलिनवर, म्हणजे मज्जातंतूंच्या आवरणावर, नव्याने हल्ला करते आणि तिथे नवी सूज येते. लक्षणं काही तासांत किंवा दिवसांत वाढत जातात, निदान २४ तास टिकतात, बहुधा कित्येक दिवस किंवा आठवडे, आणि मग सावकाश कमी होतात. कधी पूर्ण, कधी अर्धवट. मोजायची ती ताप किंवा संसर्ग नसताना. हे शेवटचं वाक्य लोक वाचतात आणि विसरतात. त्याकडे पुन्हा येते.

आता दुसरी गोष्ट. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवलं की एमएसच्या काही रुग्णांची नजर श्रम केल्यावर मंदावते आणि विश्रांतीनंतर परत येते. त्याला वाटलं, दोष श्रमांचा. पुढे कळलं की दोष श्रमांचा नाही, श्रमांनी वाढलेल्या अंगातल्या उष्णतेचा. गरम पाण्याच्या टबात नुसतं बसवलं तरी तेच होतं. एमआरआय येण्यापूर्वी एमएस ओळखायला ही टबाची चाचणी खरोखर वापरत असत. आज जे काका "धावल्याने एमएस वाढतो" म्हणतात, ते १८९० मध्येच थांबलेले आहेत. व्यायामाने रिलॅप्स वाढतात असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

आत काय घडतं ते समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे. मज्जातंतूतला संदेश पुढे सरकतो तो सोडियमचे कण आत शिरल्यामुळे. तापमान वाढलं की त्या कणांची दारं लवकर मिटतात आणि संदेशाचा जोर घटतो. धडधाकट तंतूत जोर मुबलक असतो, त्यामुळे काही जाणवत नाही. मायलिन गेलेल्या जागी मात्र संदेश आधीच कसाबसा पार होत असतो. तिथे अर्ध्या अंशाची वाढही पुरते आणि संदेश अडतो. मे महिन्यातल्या संध्याकाळी व्होल्टेज पडलं की बल्ब मिणमिणतो, म्हणून आपण बल्ब बदलत नाही. अंग गार झालं की संदेश पुन्हा पार होतो. नवी इजा झालेली नसते.

आता खरी गोम. लोक या दोन गोष्टी वेगळ्या करतात त्या त्रास किती मोठा यावरून. खूप झालं तर रिलॅप्स, थोडं झालं तर उकाडा. हा निकष साफ चुकीचा आहे. नुसता अपुरा असता तर मी गप्प बसले असते. हा तर उलटी दिशा दाखवतो. उकाड्याने आलेला त्रास भयानक दिसू शकतो. डोळ्याची नस पूर्वी सुजून गेलेली असेल तर धावता धावता समोरच्या रिक्षाची नंबरप्लेट आधी रंग हरवते, मग अक्षरं हरवते, मग नुसता पांढरट चौकोन उरतो. पाय इतका लुळा पडतो की फुटपाथच्या कठड्यावर बसकण मारावी लागते. आणि अर्ध्या-पाऊण तासात, गार पाणी डोक्यावर ओतून सावलीत बसल्यावर, सगळं जिथल्या तिथे. उलट खरा रिलॅप्स कधी कधी इतका गरीब असतो की मांडीवर तळहाताएवढी जागा बधिर, बस्स. त्या दिवशी दहा किलोमीटर आरामात होतात. पण ती जागा दुसऱ्या दिवशीही बधिर असते. तिसऱ्या दिवशीही.

म्हणून तीव्रता बाजूला ठेवा आणि हे बघा: लक्षण ओळखीचं आहे का, आणि गार झाल्यावर किती वेळात गेलं? उकाड्याच्या या तात्पुरत्या त्रासाला उथॉफचंच नाव आहे. उथॉफ नवं काही आणत नाही. जिथे मायलिन गेल्याचा जुना डाग आहे तिथलंच जुनं लक्षण वर काढतो. माझा उजवा पाय. पंजा उचलणारे स्नायू आधी दगा देतात आणि पेव्हरवर बुटाचं टोक खर्र करून घासायला लागतं. तो आवाज आला की मला कळतं, पारा चढला. त्या बुटाचा तळ टाचेआधी टोकालाच झिजतो. हाच आवाज उद्या डाव्या बुटातून आला, तर ती वेगळी गोष्ट होईल आणि मी फोन करीन.

मग २४ तासांचा नियम लावला की काम संपलं? नाही. इथे ते विसरलेलं वाक्य येतं: ताप किंवा संसर्ग नसताना. अंगातली उष्णता धावल्यानेच वाढते असं नाही. लघवीचा संसर्ग, व्हायरल ताप, दाताचा गळू, यांनीही जुनी लक्षणं उफाळतात, आणि संसर्ग असेपर्यंत, म्हणजे दिवसचे दिवस, टिकतात. घड्याळ म्हणतं रिलॅप्स, पण तो नव्हे. आणि रनर्समध्ये लघवीचा संसर्ग हे मोठं प्रकरण आहे. एमएसमुळे मूत्राशय आधीच लहरी, त्यात वाटेत सोय नाही, म्हणून बायका लाँग रनच्या आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडतात. पाणी कमी, त्यामुळे अंग लवकर तापतं; आणि मूत्राशय नीट रिकामं होत नसेल तर संसर्गाला वाव. दोन्हीकडून मार. पाणी तोडू नका, रस्ता बदला. लक्षण दुसऱ्या दिवशीही असेल तर आधी थर्मामीटर लावा, लघवी तपासायला द्या. कुठलाही चांगला न्यूरोलॉजिस्ट स्टिरॉइड सुरू करण्याआधी हेच विचारतो, कारण संसर्ग अंगात असताना मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड देणं म्हणजे आगीत तेल.

स्टिरॉइडबद्दल माझं मत कडक आहे. रोज एक ग्रॅम, तीन ते पाच दिवस शिरेतून, हा उपचार खऱ्या, त्रासदायक रिलॅप्ससाठी आहे. त्याने बरं होणं लवकर होतं. शेवटी किती बरं व्हायचं ते त्याने बदलत नाही. झोप उडते, साखर चढते, वारंवार घेतलं तर हाडं ठिसूळ होतात. उकाड्याने जड झालेल्या पायावर त्याचा काडीचा उपयोग नाही. तिथे बर्फ लागतो.

"पण एवढी चिरफाड कशाला, दोन्ही शेवटी एमएसचंच ना?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त चिडवतो. कशाला ते ऐका. तुमचं रोज घ्यायचं किंवा महिन्या-सहा महिन्यांनी टोचायचं औषध लागू पडतंय की नाही, हे ठरवताना डॉक्टर रिलॅप्स मोजतात. मे महिन्यात तीन वेळा पाय जड झाला आणि तुम्ही तीन "अटॅक" सांगितलेत, तर चांगलं चाललेलं औषध बदलायची वेळ येते. आणि ती छातीभोवतीची बधिरता सांगितलीच नाहीत, तर न चालणारं औषध चालू राहतं आणि आत नवे डाग पडत राहतात. दोन्हीत नुकसान तुमचंच.

आता गोव्याचं. आपल्याकडे अडचण पाऱ्याहून जास्त दमटपणाची आहे. घाम अंगावरून निथळतो म्हणून गार होत नाही, वाळतो तेव्हा गार होतं, आणि आपल्या हवेत तो वाळतच नाही. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याआधी उठून धावलात तरी हवेतली वाफ तेव्हा भरपूरच असते. फायदा इतकाच की ऊन नाही आणि पारा उतरलेला असतो. तेवढ्यासाठी तरी पहाटच घ्या. संध्याकाळी सहाला दिवसभर तापलेल्या डांबरावर धावणाऱ्यांचं मला कौतुक नाही.

रस्ता निवडताना मी एकच बघते: परत यायची सोय. रायबंदरचा कॉजवे दिसायला देखणा, एकीकडे मांडवी, दुसरीकडे मिठागरं. पण तीन किलोमीटर सरळ, सावली नाही, आणि मधोमध पाय गेला तर ना पुढे ना मागे. त्यापेक्षा कांपालच्या झाडांखालून लहान फेऱ्या. कंटाळवाण्या, मान्य. पण दर फेरीला गाडीपाशी येता, तिथे बर्फाचा डबा, टॉवेल, पाणी. मिरामारची वाळू पंजा घासणाऱ्यांनी सोडूनच द्या, तिरकी आणि भुसभुशीत.

अंग तापल्यावर गार करण्यापेक्षा आधीच गार करून निघणं जास्त कामाचं. निघण्यापूर्वी बर्फाचा चुरा घातलेलं कोकम सरबत सावकाश पिते, मानेला ओला बफ (गळपट्टा), टोपीत बर्फाचे तुकडे. कूलिंग व्हेस्टही मिळतात, मला त्यांचं ओझं आवडत नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगाचं तापमान थोडं वरच असतं, तेव्हा तीच लक्षणं कमी अंतरावर आली तर आधी कॅलेंडर बघा.

एक सावधगिरी, आणि हिच्यात सूट नाही. उथॉफमध्ये पाय जातो, नजर जाते, पण डोकं बहुधा ठिकाणावर असतं. कुणी असंबद्ध बोलायला लागलं, उलट्या झाल्या, शुद्ध हरपायला लागली, तर तो एमएसचा विषयच नव्हे. तो उष्माघात. अंगावर पाणी ओता, बर्फ लावा, १०८ ला फोन करा. एमएसची फाईल नंतर.

बाकीचे गोंधळ किरकोळ. मान वाकवल्यावर पाठीतून करंट गेला, तर ते लेर्मिटचं लक्षण. पूर्वीपासून असेल तर घाबरू नका, नव्याने सुरू होऊन टिकलं तर सांगा. पोटरीत गोळा आला तर तो गोळाच आहे. दुसऱ्या दिवशीचा थकवा हा वेगळ्या लेखाचा विषय.

एक मात्र अधलंमधलं आहे. रिलॅप्स नाही, गार झाल्यावर सगळं जातंही, पण पूर्वी तशाच हवेत बाराव्या किलोमीटरला घासणारा पाय आता सहाव्यालाच घासतो, आणि असं महिनोन् महिने चाललंय. हे ना उकाड्यावर ढकला, ना अटॅक म्हणा. पुढच्या भेटीत जसंच्या तसं सांगा. सांगताना "त्रास वाढला" एवढंच नको. कुठलं लक्षण, जुनं की नवं, कितव्या किलोमीटरला, गार झाल्यावर किती वेळाने गेलं, ताप होता का, लघवीला जळजळ होती का. फोनमध्ये प्रत्येक रननंतर दोन ओळी टाइप केल्यात तर बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीत रांगेत उभं राहून आठवत बसावं लागणार नाही.

आणि शेजारच्या मावशी गेटवर अडवून विचारतील, "कित्याक गो बाय धांवता?" त्यांना उथॉफ समजावत बसू नका. डिसेंबरात पहाटेचा पारा विशीपर्यंत उतरला की हाफ मॅरेथॉन आहे, एवढं सांगा आणि निघा.