शिक्षिका धर्मभगिनी, कॅथलिक

दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही तीन व्रते घेऊन संघात राहणाऱ्या आणि अध्यापन हे संघाचे नेमलेले कार्य म्हणून करणाऱ्या कॅथलिक स्त्रिया. पुण्यातील या परंपरेची जुनी शाळा म्हणजे कॅम्पमधील ‘कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी’ (स्थापना १८६०).

चर्चच्या कायद्यात मठवासिनी आणि धर्मभगिनी या दोन वेगळ्या कोटी आहेत. मठवासिनीची व्रते विधिपूर्ण (कायद्याने अधिक कडक बंधनाची) असतात व तिला मठाच्या कुंपणाबाहेर पडता येत नाही. धर्मभगिनीची व्रते साधी असतात आणि तिचे काम लोकांत असते. संत बेनेडिक्ट यांच्या नियमाने चालणाऱ्या बेनेडिक्टाइन मठांत मध्ययुगातही मुली शिकत, पण त्यांतील बऱ्याच जणींना पुढे त्याच मठात राहायचे असे. पोप आठवे बॉनिफेस यांनी १२९८ मध्ये सर्व मठवासिनींना कुंपणाची सक्ती केली. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ती पुन्हा उचलून धरली, आणि १५६६ मध्ये पाचव्या पायसने ती आणखी कडक केली. बाहेर जाऊन शिकवायचे तर व्रतस्थ स्त्रीसाठी कायद्यात जागाच उरली नाही.

अध्यापनाला वाहिलेला पहिला संघ कोणता, याबद्दल मतभेद आहेत. जुन्या संदर्भग्रंथांत हा मान बहुधा अँजेला मेरिची हिने १५३५ मध्ये ब्रेशा येथे स्थापलेल्या उर्सुलाइन मंडळाला दिलेला आढळतो. मात्र त्या मंडळातील कुमारिका आपापल्या घरी राहत आणि मंडळाच्या मूळ नियमावलीत शाळा चालवण्याचे कलम नाही. धर्मशिक्षणाचे काम उर्सुलाइनांकडे आले ते अँजेलाच्या मृत्यूनंतर, मुख्यतः मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांच्या काळात. उद्दिष्टातच मुलींचे शिक्षण असलेल्या संघाला पोपची मान्यता मिळाल्याचे आरंभीचे ठळक उदाहरण म्हणजे झान द लेस्तोनाक हिचा बोर्दो येथील संघ (१६०७). १६१२ मध्ये पॅरिसच्या उर्सुलाइनांनी तीन व्रतांना मुलींना शिकवण्याचे चौथे व्रत जोडले. त्यामुळे प्रेरणा इटालियन आणि शाळेची घडण फ्रेंच, असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

या फ्रेंच मठांनी कुंपण मोडले नाही, शाळाच कुंपणाच्या कडेला आणून बसवली. दिवसशाळेच्या वर्गाला रस्त्याकडे एक व मठाकडे एक असे दोन दरवाजे ठेवत. मुली आत आल्या की बाहेरचा दरवाजा बंद होई आणि मगच आतला उघडे. ही तडजोड नाकारून इंग्रज स्त्री मेरी वॉर्ड हिने १६०९ मध्ये कुंपणाविना संघ उभारला. आठव्या अर्बनने तो १६३१ मध्ये मोडीत काढला. शिक्षिका भगिनींच्या इतिहासात तिच्याइतकी किंमत फार थोड्या जणींनी मोजली आहे. कुंपणाविना राहणाऱ्या साध्या व्रतांच्या संघांना चर्चच्या कायद्यात निःसंदिग्ध स्थान मिळाले ते तेराव्या लिओच्या १९०० मधील आदेशाने.

पुण्यात आलेल्या भगिनी या शेवटच्या प्रकारच्या. क्लोदिन तेव्हने हिने १८१८ मध्ये लिओं येथे ‘जीझस अँड मेरी’ संघ स्थापला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील हिंसेत तिचे दोन भाऊ मारले गेले होते. संघाचे आरंभीचे काम निराधार मुलींना रेशमाच्या विणकामासह शिक्षण देण्याचे होते. जुन्या पद्धतीत मठवासिनी आयुष्यभर एका मठाशी बांधलेली असे. येथे संघाची सर्व घरे एका मदर जनरलच्या (संघप्रमुख भगिनीच्या) हाताखाली असल्याने भगिनीची बदली दुसऱ्या खंडातही करता येई. या संघाच्या भगिनी १८४२ मध्ये आग्र्याला, पुढे मुंबईला आणि १८६० मध्ये पुण्याला पोहोचल्या त्या या रचनेमुळे. भारतातच वाढलेल्या अपोस्टोलिक कार्मेल संघाचे ‘माउंट कार्मेल’ पुण्यात नंतर आले.

शाळा कॅम्पमध्ये निघाली याला कारण होते. धर्मगुरूवाचून भगिनींना मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) व पापनिवेदन अशक्य. पुण्याचे धर्मक्षेत्र १८५४ पासून जर्मन जेझुइटांकडे (येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे) होते आणि कॅथलिक वस्तीचा मोठा भाग कॅम्पमधील, म्हणजे लष्करी छावणीतील, आयरिश सैनिकांचा होता. सेंट पॅट्रिक चर्च (१८५०) त्यांच्यासाठीच बांधलेले. अशा शाळांचा सर्वसाधारण हिशेब असा, की फी भरणाऱ्या निवासी मुलींच्या पैशांवर अनाथ व गरीब मुलींचा विभाग चाले. निवासी मुली घटल्या की पहिला फटका या दुसऱ्या विभागाला बसे.

पुण्यातील प्रत्येक कॉन्व्हेंट मात्र कॅथलिक नव्हे. सेंट मेरीज (१८६६) ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील, शाळा आहे. १८७७ च्या सुमारास पुण्यात आलेल्या व तिच्याशी जोडल्या गेलेल्या, इंग्लंडमधील वाँटेज येथील संघाच्या भगिनीही अँग्लिकन. पंडिता रमाबाईंचा १८८३ मधील बाप्तिस्मा झाला तो या संघाच्या मूळ ठिकाणी, वाँटेज येथे. पेठांतील मुलींच्या शिक्षणाची वाट तर या सर्वांहून वेगळी आणि अधिक जुनी आहे: फुले दांपत्याची भिडेवाड्यातील शाळा १८४८ ची, हुजूरपागा १८८४ ची.

शाळेच्या दैनंदिन कारभारावर संघाच्या नियमांचा खोल परिणाम होतो. चर्चच्या कायद्याच्या १९१७ च्या संहितेनुसार गरज नसता भगिनीने एकटीने बाहेर पडायचे नसे. म्हणून पालकांनी पार्लरमध्ये (कॉन्व्हेंटमधील भेटीच्या खोलीत) येऊन भेटण्याची रीत पडली आणि मुलींच्या घरची परिस्थिती शिक्षिकेला क्वचितच दिसे. स्थानिक सुपिरियरची (त्या घराच्या प्रमुख भगिनीची) मुदत तीन वर्षांची असे. ती एकदा वाढवता येई, पण त्याच घरात लगेच तिसऱ्यांदा नेमणूक करता येत नसे. सुपिरियर हीच मुख्याध्यापिका असेल तर सहा वर्षांच्या आत शाळेची घडी बदले. पुष्कळ ठिकाणी ही दोन पदे वेगळी केली जातात, ती यासाठी.

सध्याच्या संहितेनुसार (१९८३) नवदीक्षितेचा (व्रते घेण्यापूर्वीच्या तयारीचा) काळ किमान बारा महिन्यांचा असतो. त्यानंतरची तात्पुरती व्रते सामान्यतः तीन ते सहा वर्षांची व फार तर नऊ वर्षांपर्यंत वाढणारी असतात, आणि मग आजीवन व्रते. बी.एड. ची तयारी या वेळापत्रकात बसवावी लागते. नवदीक्षितेच्या काळात ती करता येत नाही, कारण तो काळ केवळ दीक्षेसाठी राखलेला आहे.

महाराष्ट्रात खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम, १९७७ लागू आहे. त्याच्या कलम ३ नुसार अल्पसंख्याक शाळेचा मुख्याध्यापक आणि व्यवस्थापनाने शिक्षण संचालकांना कळवलेल्या आणखी जास्तीत जास्त तीन व्यक्ती यांच्या भरतीला अधिनियम लागू होत नाही. भगिनींच्या नेमणुकीला ही सवलत उपयोगी पडते. मात्र नावे कळवण्याची अट सुटली तर तिचा आधार घेता येत नाही. भगिनीचा पगार संघाचा होतो, तिचा स्वतःचा नाही. या आधारे अनुदानित शाळांतील पगारावरील करकपातीतून सूट मागितली जात असे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मागणी अमान्य केली. पगार भगिनीच्या नावे निघतो तेव्हाच कपात होते, आणि उरलेली रक्कम संघाकडे जाते.