रिव्हॉल्वरचे चेंबर बदलणे (बेळगाव सीमाभाग)

रिव्हॉल्वर मुळात ज्या काडतुसासाठी घडवले त्याऐवजी दुसरे काडतूस चालावे म्हणून सिलिंडरची घरे, म्हणजे चेंबर, कापून, खोल करून किंवा आत अस्तर बसवून केलेला फेरफार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठीभाषक पट्ट्यात हा प्रश्न बहुधा वारसाने आलेल्या हत्याराबाबत निघतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने निवृत्त फौजी कुटुंबे इथे भरपूर. त्यांच्या जोडीला जुने इनामदार, तंबाखूचे व्यापारी आणि उसाचे बागायतदार. आजोबांच्या कपाटातले विलायती रिव्हॉल्वर चालू स्थितीत असते, पण त्याचे काडतूस कुठल्याच दुकानात मिळत नाही. मग ‘हे .३२ चं करून देणारा कुणी आहे का?’ अशी विचारपूस सुरू होते.

काडतूस न मिळण्याचे मूळ कायद्यात आहे. भारतीय शस्त्रनियमांनी .३८० आणि .४५५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप, इथे इंचात) रिमवाली, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड असलेली काडतुसे, तसेच लष्करी ९ मि.मी. काडतूस घेऊ शकणारी पिस्तुले व रिव्हॉल्वर प्रतिबंधित वर्गात टाकली. बोलीत त्यांना ‘पी.बी.’ (प्रोहिबिटेड बोअर) म्हणतात आणि त्यांचा परवाना केंद्रीय गृहमंत्रालयाच्या हातात असतो. ब्रिटिश फौजेतली वेब्ली आणि एन्फील्ड रिव्हॉल्वरे नेमकी याच दोन बोअरची. सामान्य नागरिकाच्या वाट्याला उरले .३२. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचे सहा बारांचे रिव्हॉल्वर याच बोअरचे आहे आणि त्याची ठेवण वेब्लीसारखीच मधोमध मोडणारी. काडतुसे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली, बुडावर ‘के.एफ.’ अक्षरे असलेली. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी हत्यारांची आयात जवळपास बंद झाली आणि जुन्या विलायती नगांना अवाच्या सवा भाव आला. ‘नुसतं चेंबर बदललं की झालं’ ही आशा त्या भावातूनच आली असावी.

यांत्रिकदृष्ट्या ही आशा किती फसवी आहे, हे .३८ च्या उदाहरणावरून कळते. ब्रिटिशांनी .३८० म्हणून वापरलेले काडतूस म्हणजे अमेरिकी .३८ एस. अँड डब्ल्यू.चे (स्मिथ अँड वेसन) भावंड. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसनने ब्रिटन आणि राष्ट्रकुलासाठी या बोअरची रिव्हॉल्वरे मोठ्या संख्येने बनवली. युद्धानंतर त्यांतली बरीच अमेरिकेच्या बाजारात उतरली आणि तिथल्या कारागिरांनी चेंबर लांब कापून ती .३८ स्पेशलसाठी खुली केली. नाव दोन्हींचे .३८, मापे मात्र वेगळी. जुन्या काडतुसाची गोळी .३६१ इंच व्यासाची, स्पेशलची .३५७. जुन्या कवचाचा बुडाकडचा व्यास .३८६ इंच, स्पेशलचा .३७९. रिमर (भोक कापून मोठे करणारे हत्यार) फिरवून चेंबर लांब करता येतो, बुडाकडे अरुंद करता येत नाही. परिणामी बार काढल्यावर कवच बुडाशी फुगलेले निघते, कधी उभे चिरलेले. सैल नळीतून गोळी गेल्याने नेमही ढासळतो. शिवाय अमेरिकी मानकानुसार जुन्या काडतुसाचा कमाल दाब १४,५०० पी.एस.आय. (चौरस इंचावर पौंड), स्पेशलचा १७,०००.

दुसरा गाजलेला प्रकार .४५५ वेब्लीचा. सिलिंडरची मागची बाजू तासून, अर्धचंद्राकृती क्लिपांत अडकवलेली .४५ ए.सी.पी. ही पिस्तुलाची काडतुसे चालतील असे हजारो नग अमेरिकेत केले गेले. वेब्ली ज्या दाबासाठी तपासून शिक्का मारून बाहेर पडले होते, त्याहून हे काडतूस बरेच जोरदार. आज असे तासलेले वेब्ली हाती आले तर जाणकार संग्राहक ते उघडून आधी सिलिंडरची पाठ पाहतो आणि तासलेली दिसली की किंमत पाडतो. ब्रिटनमध्ये असा फेरफार केल्यावर हत्यार पुन्हा दाबचाचणीला पाठवावे लागते. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ पासून हेच काम करत आले आहे. खासगी लेथवर केलेल्या बदलाला अशी कुठलीच परीक्षा नसते, आणि खरा धोका तिथेच आहे. सिलिंडर फुटला तर तो चालवणाऱ्याच्या पंजाजवळच फुटतो.

भारतात तर प्रश्न यंत्रापर्यंत पोचायच्या आधीच अडतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्यार बनवणे, विकणे, दुरुस्त करणे, तपासणे आणि त्यात रूपांतर करणे या सगळ्याला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६ मध्ये एका वर्गाचे हत्यार दुसऱ्या वर्गात नेणेही आणले. .४५५ चे .३२ करून ‘एन.पी.बी.’, म्हणजे प्रतिबंधित नसलेले, करू पाहणाऱ्याला हे नेमके आडवे येते. विनापरवाना काम केल्यास शिक्षा किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप. बरे, मालकाच्या परवान्यावर हत्याराचा प्रकार, बोअर आणि क्रमांक लिहिलेला असतो. बोअर बदलले की कागद आणि हत्यार यांचा मेळ तुटतो, आणि तपासणीत विचारणा कारागिराइतकीच मालकालाही होते.

या भागात हत्यारे जाणणाऱ्या हातांची परंपरा जुनी. धार लावणारे शिकलगार, नळी आणि घोडा दुरुस्त करणारे लोहार, शिकारीची हौस असलेल्या संस्थानांचे कारागीर. बेळगावला लागून असलेले शहापूर तर सांगली संस्थानात होते. जवळच्या मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेडरांनी १८५७ मध्ये हत्यारबंदीविरुद्ध उठाव केला होता. खानापूरच्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात रानडुक्कर आणि गव्यांपासून पीक राखायला ठासणीच्या बंदुका अजूनही परवान्यावर आहेत. कोडगूच्या (कुर्ग) कोडवांना परवान्यातून मिळालेली सूट मात्र इथे लागू नाही. ‘कर्नाटकात बंदुकीला परवाना लागत नाही’ असे ठामपणे सांगणारे भेटतात, त्यांनी कोडगूचे काहीतरी अर्धवट ऐकलेले असते.

आज खरी टंचाई परवानाधारक दुरुस्तीवाल्यांची आहे. लेथ चालवणाऱ्यांची नव्हे. उद्यमबागेत शतांश मिलिमीटरच्या मापाने काम करणारे टर्नर गल्लोगल्ली सापडतील, आणि मोह तिथेच होतो. पण सिलिंडर हातात घेणाऱ्या टर्नरकडे शस्त्रदुरुस्तीचा परवाना नसेल, तर काम कितीही सफाईदार असले तरी तो गुन्हा ठरतो. शोध घ्यायचा तो परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा डीसी ऑफिसच्या (जिल्हाधिकारी कार्यालय) शस्त्रपरवाना शाखेत. दुरुस्तीचा परवानाही ठरावीक जागेपुरता असतो, म्हणून ‘घरी येऊन करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

सीमाभागाची खास अडचण इथे डोके वर काढते. बेळगावहून शिनोळी हाकेच्या अंतरावर, पण ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. निपाणीकर कोगनोळी ओलांडून बाजाराला, दवाखान्याला, लग्नाला कागल-कोल्हापूरला सहज जातो. परवान्यावर मात्र वैधतेचे क्षेत्र लिहिलेले असते: जिल्हा, राज्य किंवा अखिल भारत. कर्नाटकापुरता परवाना असलेल्याने दुरुस्तीसाठी रिव्हॉल्वर कोल्हापूरला नेले, तर नाक्यापलीकडे ते बेकायदा हत्यार होते. क्षेत्र वाढवून घेतल्याशिवाय निघू नये. अर्ज, टिपणे, शेरे कन्नडमध्ये असतात, तेव्हा ते नीट वाचून घ्यावेत. बोअरचा एक आकडा चुकला तरी पुढे काडतुसे मिळताना अडते.

चांगला दुरुस्तीवाला चेंबर कापण्याची भाषा करत नाही. तो आधी हत्यार रिकामे असल्याची खात्री करतो, घोडा चढवून सिलिंडर बोटांनी डावी-उजवीकडे हलवून पाहतो, सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट उजेडासमोर धरतो, प्रत्येक चेंबर नळीच्या रेषेत येतो का ते तपासतो. झिजलेली स्प्रिंग, बोथट फायरिंग पिन, गंजलेला एक्स्ट्रॅक्टर (रिकामी कवचे बाहेर काढणारा भाग) ही त्याची रोजची कामे. क्रमांक खोडलेला दिसला तर तो हत्यार हातातही धरत नाही, कारण कलम ८ प्रमाणे तो वेगळाच गुन्हा आहे.

काडतूसच नसलेल्या रिव्हॉल्वरपुढे मग थोडेच मार्ग उरतात. परवानाधारक वारला असेल तर कलम २१ प्रमाणे हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला त्याच हत्याराचा परवाना स्वतःच्या नावावर मागता येतो. पी.बी. असल्यास तो अर्ज दिल्लीपर्यंत जातो. नको असेल तर पात्र परवानाधारकाला रीतसर विकता येते किंवा सरकारजमा करता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणपणे दोनच हत्यारे ठेवता येत असल्याने, घरात आधीच दोन बंदुका असलेल्या शेतकऱ्याला आजोबांचे रिव्हॉल्वर आपल्या नावावर घ्यायचे तर आधी त्यातली एक सोडावी लागते.