उभयचर उत्खनक

पाण्यावर तरंगणारे आणि दलदलीत न रुतता चालणारे खोदकामाचे यंत्र. मुंबईत कोणत्याही उत्खनकाला सर्रास पोकलेन म्हणतात. हाही पोकलेनच, फक्त त्याचे पाय वेगळे. साध्या पोकलेनला लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा असतो, तर याला दोन लांबरुंद पोकळ पोलादी पॉन्टून असतात आणि साखळ्या त्यांच्याभोवती फिरतात. पॉन्टूनच्या आत हवाबंद कप्पे असल्याने एक फुटला तरी बाकीचे यंत्राला तारून धरतात. वजन मोठ्या क्षेत्रफळावर पसरते, म्हणून माणूस गुडघाभर रुततो त्या चिखलावरूनही ते जाते. पाण्यात याच साखळ्या वल्ह्यांचे काम करतात, मात्र वेग अगदी मंद असतो.

खोदताना नुसते तरंगून भागत नाही. बकेट गाळात रुतली की जोर उलटा यंत्रावर येतो आणि ते कलू लागते. म्हणून पाणी खोल असेल तिथे दोन्ही बाजूंना जादा पॉन्टून जोडून त्यांतले उभे खांब तळात रोवतात.

जहाजांचा कालवा रुंद करताना कोरडा काठ साधा पोकलेन उकरतो आणि खोल पात्र ड्रेजर, म्हणजे पाण्याखालचा गाळ उपसणारे जहाज. अडचण मधल्या पट्ट्याची: तिथे पोकलेन रुततो आणि ड्रेजरला तरंगण्यापुरतेही पाणी नसते. ओहोटीला शिवडीचा उघडा पडलेला किनारा पाहिलेल्याला हा पट्टा निराळा समजावून सांगायला नको. कोळ्यांच्या ओळखीची निवटी मासळी अशाच चिखलावर उड्या मारते. उभयचर यंत्राची खरी जागा तीच. ड्रेजरला शिरण्यापुरती वाट खोदणे, काठाला उतार देणे, उपसलेला गाळ अडवायला बांध घालणे ही कामे ते करते, तीही सहसा जहाजांची ये-जा चालू असताना.

रुंदी लागते ती केवळ मोठ्या जहाजांसाठी नव्हे. काठाच्या फार जवळून जाणाऱ्या जहाजाचा मागचा भाग पाण्याच्या दाबातील फरकामुळे काठाकडे ओढला जातो. 23 मार्च 2021 रोजी 400 मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवे अडकले, तेव्हा जोरदार वाऱ्याबरोबर या ओढीचीही चर्चा झाली. त्यानंतर इजिप्तने कालव्याचा दक्षिणेकडील सुमारे 30 किलोमीटरचा भाग 40 मीटरने रुंद आणि 66 फुटांवरून 72 फूट खोल करण्याची योजना जाहीर केली. एवढ्या खोलीचे काम ड्रेजरचेच. उभयचर यंत्राची बकेट तिथवर पोचत नाही.

मुंबईला असा कालवा नाही. बंदर नैसर्गिक आहे आणि त्याचा जहाजमार्ग ड्रेजर राखतात. उभयचर यंत्रे इथे दिसतात ती मिठी नदीत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, मिठीने काठ सोडले आणि तिचे रुंदीकरण-खोलीकरण हाती घेतले गेले. माहीमच्या खाडीतून भरतीचे पाणी नदीत शिरत असल्याने खालच्या टप्प्यातील कामाला ओहोटीच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

यंत्राचा दाब कमी म्हणून ते खारफुटीला निरुपद्रवी ठरते, असे मानणे चूक आहे. तिवराची चिखलाबाहेर डोकावणारी श्वासमुळे त्याखालीही चिरडतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने खारफुटीला कडक संरक्षण दिले आहे. उपसलेला गाळ काठावरच टाकला, तर त्याचा बांध होऊन भरतीचे पाणी पलीकडे पोचत नाही आणि तिवरे उभ्याउभ्या वाळतात. गाळ बार्ज किंवा डंपरने दूर हलवणे हा म्हणून खोदकामाचाच भाग धरावा लागतो.