सामाईक स्टुडिओ: एका नळापासून पुठ्ठ्याच्या खोक्यापर्यंत

सामाईक स्टुडिओची फेरमांडणी करायची तर आधी तिथे काम करणाऱ्यांना विचारावं, हे आज कुणालाही पटतं. पण ते पटायला बराच काळ जावा लागला. कारण असे बहुतेक स्टुडिओ कलाकारांसाठी बांधलेलेच नव्हते. इतरांना नकोशा झालेल्या इमारती त्यांच्या वाट्याला आल्या.

पॅरिसच्या माँमार्त्र भागातली 'बातो-लाव्वार' ही लाकडी इमारत बघा. पिकासो तिथे १९०४ मध्ये राहायला आला आणि क्युबिझम या चित्रशैलीची चाहूल देणारं त्याचं चित्र १९०७ मध्ये तिथेच घडलं. सगळ्या इमारतीला पाण्याचा नळ मात्र एकच. रंगाचे ब्रश धुवायचे, प्यायचं पाणी भरायचं, तोंड धुवायचं, सगळं त्याच नळावर. अशा जागेत मोठी कला जन्मली म्हणून गैरसोय पोषक असते, असं काही लोक मानतात. मला ते अजिबात पटत नाही. तिथे टिकले त्यांचीच नावं आपल्याला ठाऊक आहेत.

त्याच शहरात आल्फ्रेद बूशे या शिल्पकाराने १९०२ मध्ये 'ला र्‍यूश', म्हणजे मधमाश्यांचं पोळं, उभं केलं. १९०० च्या जागतिक प्रदर्शनातला दारूचा मंडप मोडून आणलेला, मधोमध जिना आणि भोवती पाचरीच्या आकाराच्या खोल्या. इथेही जुनंच सामान वापरलं होतं, पण जागा उभारणारा स्वतः कलाकार होता. पुढे लंडनमध्येही तेच झालं. ब्रिजेट रायली आणि पीटर सेजली या चित्रकारांनी १९६८ मध्ये सेंट कॅथरिन डॉक्सची ओस पडलेली गोदामं कलाकारांसाठी मिळवली.

कार्यालयांच्या जगाने याच सुमारास उलटा धडा दिला. रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी आखलेलं 'ॲक्शन ऑफिस' हे कार्यालयीन फर्निचर १९६४ मध्ये आलं, हलवता येणाऱ्या पडद्यांचं सुधारित रूप १९६८ मध्ये. माणसाला कामाप्रमाणे जागा बदलता यावी, हा हेतू. पण विकत घेणाऱ्या कंपन्यांना कमी जागेत जास्त माणसं बसवायची होती, आणि त्याच पडद्यांची चौकोनी खुराडी झाली. नीट अभ्यासून केलेलं डिझाइनही वापरणाऱ्याच्या हाती निर्णय नसला की असं उलटतं.

निर्णयात वाटा मागितला तो कामगारांनी. नॉर्वेत १९७० च्या दशकात लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेने क्रिस्टन नीगार्ड या संगणकशास्त्रज्ञाबरोबर संगणकांविषयी आपलं म्हणणं मांडलं. मग १९८१ मध्ये 'युटोपिया' प्रकल्प सुरू झाला. त्यात वृत्तपत्रांची पानं लावणारे कामगार आणि संशोधक एकत्र बसले. हवी ती यंत्रं अजून बाजारात नव्हती, म्हणून त्यांनी प्लायवुड आणि पुठ्ठ्याच्या प्रतिकृती केल्या. रिकाम्या खोक्यावर लेझर प्रिंटर असं लिहिलं आणि तो आहे असं समजून काम करून पाहिलं. नकाशा वाचता न येणाराही त्या खोक्यापाशी उभा राहून सांगू शकतो की इथे माझा हात पोचत नाही.

स्टुडिओच्या फेरमांडणीत ही रीत आता सहज वापरली जाते. जमिनीवर चिकटपट्टीने सिंक आखायचं, वाळवणीचा रॅक आखायचा, आणि छपाई करणाऱ्याने शाई ठिबकणारा स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळीची चौकट, हातात धरून एकापासून दुसऱ्यापर्यंत चालून पाहायचं. मध्ये कुणाचा लॅपटॉप आला, तर चिकटपट्टी उचलून पुन्हा लावायची.